अंगठ्याचं गाणं

मोबाइल फोन नवे होते तेव्हाची गोष्ट आठवा. बसमध्ये नोकियाच्या फोनची ती ठरलेली धून वाजली, की चार जण एकदम खिसे चाचपायचे. ती धून मूळची गिटारची. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश वादकाच्या ‘ग्रान वाल्स’ नावाच्या रचनेतला तो एक छोटा तुकडा. तारेगा १९०९ साली वारला, त्यामुळे आपलं संगीत असं खिशाखिशात वाजणार आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आज मला सांगायचं आहे ते त्याच्याच दुसऱ्या एका रचनेबद्दल. तिचं नाव ‘रेक्वेर्दोस दे ला आलांब्रा’, म्हणजे आलांब्राच्या आठवणी. आलांब्रा हा स्पेनमधल्या ग्रानाडा शहराचा मध्ययुगीन मुस्लिम राजवाडा, त्यातल्या चौकांसाठी आणि कारंज्यांसाठी प्रसिद्ध. १८९९ च्या सुमाराची ही रचना ऐकताना अनेकांना त्या कारंज्यांचं पाणी ऐकू येतं. मलाही आलं, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की हे आपल्याला वाजवता आलंच पाहिजे.

गिटारची एक मोठी अडचण आहे. तार छेडली की स्वर जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. गळ्यासारखा, बासरीसारखा तो धरून ठेवता येत नाही. संतूरवादक काड्यांचे झरझर आघात करून स्वर लांबवतात, तसाच उपाय गिटारवर आहे. त्याला ट्रेमोलो म्हणतात. आधी अंगठा खालचा एक स्वर वाजवतो. मग अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक पडतात. पुन्हा अंगठा, पुन्हा ती तिघं. या रचनेत तीन मात्रांचं एक आवर्तन असतं आणि त्यात असे चोवीस आघात बसतात. सहा अंगठ्याचे, अठरा बोटांचे. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली, तरी सेकंदाला आठ आघात होतात.

लहानपणी मी थोडा तबला शिकलो होतो, त्यामुळे दुगुन-चौगुनीची भीती नव्हती. भीती होती ती कागदाची. गिटार मी आजवर कानानेच वाजवत आलो होतो. समोर त्या पाच रेषा आणि त्यांवर मुंग्यांसारखे स्वर. त्यातून गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. पहिली तार मोकळी सोडली की जो स्वर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे आणि तिसरीच्या नवव्यावरही. म्हणून छापील प्रतीत वर्तुळातले आकडे तार सांगतात, साधे आकडे डाव्या हाताचं बोट सांगतात आणि रोमन आकडे हात कुठल्या पडद्यापाशी न्यायचा ते सांगतात. पहिल्या आठ ओळखीच्या जागा शोधायलाच मला तीन आठवडे लागले.

सात महिन्यांनी मी ती रचना आमच्या सरांना ऐकवली. बोटं छान फिरत होती. पाणी खळखळत होतं, निदान मला तसं वाटत होतं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “आता फक्त अंगठा वाजवा.”

मी सुरुवात केली आणि तिसऱ्या आवर्तनात अडकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. अंगठा कुठल्या तारेवर जातो हे मला माहीतच नव्हतं. तो बोटांच्या मागे सवयीने फरफटत जात होता. सरांनी पेन्सिल घेऊन कागदावर बोट ठेवलं. “हे बघा, काही स्वरांच्या दांड्या वर जातात, काहींच्या खाली. वरच्या दांड्या म्हणजे एक गायक. खालच्या म्हणजे दुसरा. एकाच घरात दोघं राहतात. तुम्ही सात महिने एकाशीच बोलताय.”

मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता. मी वाचायला शिकलो असं समजत होतो, पण खरं तर कॅसेटवर ऐकलेलं तेवढंच कागदावर शोधत होतो. कानाला वरची धून आवडली होती, म्हणून डोळ्यांना तीच दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मेट्रोनोम चाळीसवर लावला. पंधरा दिवस नुसता अंगठा. मग अंगठा आणि त्याच्यावर वरच्या स्वराचा एकच आघात. तिन्ही बोटं परत आली ती त्यानंतर, अगदी ठाय लयीत, प्रत्येक बोट आधी तारेवर टेकवून मगच ओढायचं. अनामिका जड पडायची, तर्जनी घाई करायची. अंगठा कधी अगदी शेजारच्या तारेपर्यंत चढतो, तिथे बोटांना तो अडायचा. पण हळूहळू एक गोष्ट उमगली. चाल वरची असली, तरी तिला चालवतो तो अंगठा. रचनेचा पूर्वार्ध ए मायनरमध्ये आहे, उत्तरार्ध ए मेजरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि अंधाऱ्या खोलीत कुणी खिडकी उघडावी तसं होतं. अंगठा नीट बोलत नव्हता तोवर ती खिडकी माझ्या वाजवण्यात उघडलीच नव्हती.

मैफलीतल्या वादकांची लय माझ्या हाताला अजून आलेली नाही. बहुधा येणारही नाही. पण मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता वाजवलं. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “कोण आलंय हो? दोघं वाजवताय का?”

मी म्हटलं, “नाही, एकटाच आहे.” आणि चहाची वाट बघत पुन्हा पहिल्या ओळीवर आलो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी नोटेशनवरून काही शिकत असेल, तर एवढंच सुचवतो. आवडलेली चाल बसली असं वाटलं, की एकदा तिला बाजूला ठेवा आणि उरलेलं तेवढंच वाजवून बघा. माझे सात महिने तिथे गेले, तुमचे जाऊ नयेत.