पडद्यामागचं भूत



आयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. पण मी आठवीच्या गॅदरिंगवर बोलणार आहे.

१९९३ साली महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने, तात्या विंचूने, आपल्याला वेड लावलं होतं. त्याच भरात आपण नाटुकलं बसवलं : भुताचा वाडा आणि दोन बावळट गुप्तहेर. जुन्या जालन्यातल्या वाड्यांसारखा दरवाजा पुठ्ठ्यावर रंगवला. एका हेराला वडिलांचा कोट, दुसऱ्याच्या हातात प्रयोगशाळेतलं भिंग. भूत मागे उभं, आणि हे दोघे त्यालाच विचारतात, "काका, इथं भूत कुठं राहतं?" मी पडद्यामागे, दोऱ्या सांभाळायला.

तिसऱ्या प्रवेशात मी चुकीची दोरी ओढली. अख्खा दरवाजा हेरांच्या अंगावर! एकाचं डोकं पुठ्ठा फाडून वर आलं. दुसरा खालून ओरडला, "साहेब, आरोपी सापडला, पण तो माझ्यावर बसलाय!" सभागृह हसून लोटपोट. सगळ्यांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

भिंग मात्र फुटलं. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. भिंग ज्याच्या हातात, चूक त्याची. इतका सोपा तपास. त्याला स्वतःलाही वाटलं, आपलाच पाय दोरीत अडकला. त्याचे वडील मोंढ्यात हमाली करायचे. भरपाईचे पैसे त्याने थोडे थोडे करून फेडले. पुढच्या वर्षी त्याने नाटकात नावच दिलं नाही. मी त्याच्या शेजारच्या बाकावर होते. गप्प बसले.

२००४ साली 'पछाडलेला' बघितला. भरत जाधव, श्रेयस तळपदे, भुताचा वाडा. थिएटर हसत होतं, मीही हसत होते. मग एकदम लक्षात आलं : अशा गोष्टीत हसू येतं, कारण भूत कुठं आहे हे हेर सोडून सगळ्यांना दिसत असतं. आपल्या नाटकातलं भूत फक्त मला माहीत होतं. म्हणून मला तो प्रसंग आठवला की हसू येत नाही.

माझ्या कामात प्रोग्राम बिघडला की मी नव्या मुलांना सांगते, आधी आपण शेवटचा बदल काय केला ते बघा, मग दुसऱ्याकडे बोट दाखवा. हे सांगताना दरवेळी जीभ अडखळते.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. चष्मा लागलाय, पण हसणं तेच. मित्रा, दोरी मी ओढली होती. तुझा पाय अडकला नव्हता. तुझ्या हातून काहीही फुटलं नव्हतं. इतकी वर्षं उशीर झाला, माफ कर.

प्रयोगशाळेसाठी भिंग आणलंय. ते सरांच्या हाती तू द्यावंस, एवढीच विनंती. आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात ते नाटुकलं पुन्हा करणार असाल, तर हेराची भूमिका त्याचीच.

दोऱ्या मात्र दुसऱ्या कुणाकडे द्या.