पियानोची परीक्षा देताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, साठीला टेकले असताना, २०१६ साली, मी पियानोच्या पहिल्या ग्रेडची परीक्षा दिली. बाहेरच्या खोलीत माझ्या आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची मुलं बसली होती. त्यांतल्या एकाच्या आईनं आपुलकीनं विचारलं, "नातवंडाला घेऊन आलात का?" मी म्हटलं, "नाही हो, मीच बसलेय परीक्षेला." हे ऐकून तो मुलगा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुमचं एफ मेजर चुकतं का हो?" मी म्हटलं, "चुकतं रे बाबा." त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

आपल्याकडं गाण्याच्या परीक्षा काही नव्या नाहीत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायरी घराघरांत माहीत झाली. मी स्वतः लहानपणी प्रवेशिका पूर्णपर्यंत गेले होते. पियानोच्या ग्रेड म्हणजे तशीच पायरी, फक्त तिचं मूळ लंडनमध्ये. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा १८७७ पासून चालू आहेत. रॉयल अकॅडमी आणि रॉयल कॉलेज या दोन संगीत संस्थांनी १८८९ मध्ये असोसिएटेड बोर्ड स्थापन केलं. मुंबई, पुणे, गोवा इथली मुलं या दोन्हींकडच्या परीक्षा देतात. ग्रेड एकूण आठ. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेला दीडशे गुण असतात. शंभरला पास, एकशेवीसला मेरिट, एकशेतीसला डिस्टिंक्शन.

पण माझी गोष्ट माझ्या परीक्षेपासून सुरू होत नाही. ती माझ्या मुलीपासून सुरू होते.

ती नऊ वर्षांची असताना आम्ही एक जुना उभा पियानो घेतला. मी सरकारी कार्यालयात टंकलेखिका होते. ती रक्कम आमच्या दृष्टीनं मोठी होती. त्यामुळं असेल, पण पैसे वसूल झाले पाहिजेत, असं माझ्या मनात कुठंतरी बसलं होतं. दर वर्षी एक ग्रेड, असा मी हिशेब मांडला. ती बिचारी एखाद्या मालिकेचं शीर्षकगीत कानानं ऐकून पट्ट्यांवर शोधत बसायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "परीक्षेला हे विचारणार आहेत का?" ती थांबायची आणि पुन्हा परीक्षेची रचना सुरू करायची.

२००९ मध्ये तिला पाचव्या ग्रेडला मेरिट मिळालं. पेढे वाटले. चार-पाच महिन्यांनी दिवाळीला तिची आत्या आली आणि म्हणाली, "बाळ, काहीतरी वाजव ना." तिनं परीक्षेची रचना सुरू केली, ती अर्ध्यावर अडली. दुसरी सुरू केली, तीही विसरली होती. आत्या म्हणाली, "अगं, मग दुसरं काही वाजव, सोपं." त्यावर ती म्हणाली, "दुसरं काही येत नाही."

मी रात्री हिशेब केला. एका ग्रेडला तीन रचना, पाच वर्षांत पंधरा. त्यांतल्या बारा केव्हाच विसरलेल्या. पाच वर्षं रोज तासभर बसून मुलीच्या हाती काय आलं, तर भिंतीवरची पाच प्रमाणपत्रं. पुढं दहावीचं वर्ष आलं आणि तिनं पियानो बंद केला. पियानोवर फोटोंच्या चौकटी आल्या, मग टेलिफोन आला.

२०१४ मध्ये मी निवृत्त झाले. एक दिवस त्या चौकटी पुसताना झाकण उघडलं. पट्ट्या दाबल्या तर निम्मे स्वर बेसूर. माणूस बोलावून सूर लावून घेतले. मुंबईच्या पावसाळी हवेत लाकूड फुगतं, म्हणून त्यानं आत एक कमी वॉटचा दिवा लावायला सांगितला. आणि मी मुलीच्याच टीचरकडं जाऊन बसले. त्या मूळच्या गोव्याच्या, सत्तरी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "मुलीच्या वेळी तू घाई केलीस. आता स्वतःच्या वेळी करू नको."

वडिलांची पेटी घरात होती, त्यामुळं पट्ट्या ओळखीच्या होत्या. पण पेटीवर डावा हात भाता मारतो आणि सगळं गाणं उजवा हात वाजवतो. इथं डाव्या हातालाही गायचं होतं. शिवाय माझी बोटं टंकयंत्राची. टीचर म्हणायच्या, "तुझ्या बोटांना वाटतं, अक्षर उमटलं की काम झालं." टंकयंत्रावर जोरात मारलं काय, हळू मारलं काय, अक्षर तेच. पियानोवर प्रत्येक बोटाच्या वजनानं स्वर बदलतो. ही सवय मोडायला मला आठ महिने लागले.

आता तयारीविषयी थोडं सांगते, कारण ज्यांच्या घरी मुलं परीक्षेला बसतात त्यांना त्याचा उपयोग होईल.

तीन रचनांना प्रत्येकी तीस, म्हणजे नव्वद गुण. उरलेले साठ कुठं असतात? स्केल, म्हणजे आपल्या आरोह-अवरोहासारखा भाग, एकवीस गुण. न पाहिलेला तुकडा कागदावरून वाजवायचा, त्याला साइट रीडिंग म्हणतात, तेही एकवीस. आणि कानाची परीक्षा अठरा. आपण घरी बहुतेक सगळा वेळ रचनांना देतो आणि हे साठ गुण शेवटच्या महिन्यावर टाकतो.

स्केलमध्ये सगळं अवलंबून असतं अंगठ्यावर. सी मेजरला, म्हणजे पेटीच्या पांढरी एकच्या सुरात, उजव्या हाताची तीन बोटं झाली की अंगठा खालून पुढं न्यायचा. एफ मेजरला मात्र चौथ्या बोटानंतर. माझी आणि त्या छोट्या मुलाची गाडी इथंच अडायची. टीचरनी उपाय सांगितला, की वेग विसर, फक्त अंगठा वळतो ते दोन स्वर वाजव, वीस वेळा. पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिही आणि रोज तीच बोटं ठेव. आज एक, उद्या दुसरं, असं केलं तर हाताला काहीच लक्षात राहत नाही.

रचना शिकताना त्यांनी मला शेवटापासून सुरू करायला लावलं. शेवटची ओळ आधी, मग तिच्या आधीची. आपण नेहमी पहिल्या ओळीपासून सुरू करतो, म्हणून सुरुवात शंभर वेळा होते आणि शेवट दहा वेळा. परीक्षेत जसजसं पुढं जावं तसतशी वाट अनोळखी होत जाते. शेवटापासून शिकलं की पुढची वाट ओळखीची लागते.

कानाच्या परीक्षेत मात्र आपल्या लोकांनी घाबरू नये. चाल दोनाची की तीनाची हे ओळखायचं, परीक्षकानं वाजवलेली छोटी ओळ गाऊन दाखवायची. केरवा आणि दादरा ऐकत वाढलेल्या माणसाला यात अवघड काय? साइट रीडिंगला मात्र कष्ट हवेत. अर्धा मिनिट कागद पाहायला मिळतो, मग वाजवायचं. हे पाठांतरानं येत नाही. रोज एक नवी ओळ वाचावी लागते, वर्तमानपत्र वाचतो तशी. मी ते टाळलं.

परीक्षेचा पियानो घरच्यापेक्षा जड होता. परीक्षक सौजन्यानं हसले आणि लिहायला लागले. दुसऱ्या रचनेत माझं बोट घसरलं. टीचरचं बजावणं आठवलं, "चुकलं तर मागं फिरू नको." फिरले नाही. निकाल आला तेव्हा एकशेपंधरा गुण होते. रचनांना एकाहत्तर, स्केलला सोळा, कानाला सतरा. साइट रीडिंगला अकरा, तिथं चौदाला पास असतं. एकूण बेरजेवर मी उत्तीर्ण झाले, पण तो अकराचा आकडा खरा होता.

२०२० पासून असोसिएटेड बोर्डाची आणखी एक तऱ्हेची परीक्षा निघाली आहे. चार रचना घरी वाजवून त्याचं चित्रीकरण पाठवायचं, सलग, मध्ये न थांबता. स्केल नाही, साइट रीडिंग नाही. २०२१ मध्ये तिसरी ग्रेड मी अशी दिली. चौथ्या रचनेत शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पण टीचरची खरी अट वेगळीच होती. परीक्षेची एक रचना शिकलीस की परीक्षेत नसलेल्या दोन शिकायच्या, सोप्या, पंधरा दिवसांत होणाऱ्या. त्यांतून मला एक मिन्युएट मिळालं. बाखनं पत्नी आना मॅग्डालेना हिला १७२५ मध्ये एक वही करून दिली होती, तिच्यातलं. अनेक वर्षं ते बाखचंच समजलं जाई. प्रत्यक्षात ते ख्रिस्तियान पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचं आहे. ती वही घरात बसून वाजवण्यासाठी होती. तिला कुणी गुण देणार नव्हतं.

परीक्षा वाईट नव्हे, श्रोतेहो. तारीख ठरली नसती तर मी एफ मेजरचा अंगठा कधीच वळवला नसता. अनोळखी माणसासमोर न थांबता वाजवायचं धैर्यही तिनंच दिलं. फक्त तिनं सांगितलेलं तेवढंच संगीत, असं मी माझ्या मुलीच्या बाबतीत मानलं आणि चुकले. तुमच्या घरी कुणी परीक्षेला बसत असेल, तर किती गुण पडले हे विचारा जरूर. पण त्याआधी या महिन्यात नवीन काय वाजवलंस, हेही विचारा.

माझी मुलगी आता बंगळूरला असते. फोनवर मी स्केल ऐकवली की म्हणते, "आई, चौथ्या बोटानंतर अंगठा." गेल्या दिवाळीला ती घरी आली. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि ते मिन्युएट सुरू झालं. आठव्या बारला अडलं. थोड्या वेळानं ते सोडून एका बोटानं कुठल्याशा जुन्या मालिकेचं गाणं सुरू झालं. मी गॅस बारीक केला आणि तिथंच उभी राहिले. काही बोलले नाही.