प्रिंटर स्वयंपाकघरात सापडतो



मला सांगितलं होतं, तुमच्या कामातलं पण सगळ्यांना कळेल असं काहीतरी बोला. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बारा वर्षं झाली. कामातलंच बोललो तर निम्मे जण झोपाल. म्हणून घरातलं सांगतो. यात माझी फजिती आहे.

आमचं घर मिरजेत. तिथे अम्मी, अब्बू आणि धाकटी बहीण असते. बहीण घरातूनच ऑनलाइन फॉर्म भरून देते. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, हॉल तिकिटांच्या प्रिंटा. मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे येतात, कारण रात्री आठनंतर त्यांना स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कुणी एकटं सोडत नाही. एका पानाचे पाच रुपये. त्या पैशांवर तिचा स्वतःचा खर्च चालतो, आणि वहीत पैशापैशाचा हिशेब असतो.

इंटरनेटचं फायबर आमच्याकडे मागच्या बाजूने येतं. कंपनीचा डबा स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आहे, प्रिंटरही तिथेच. बहीण बसते पुढच्या खोलीत, कारण लोक तिथे येतात. तिथे रेंज नाही. मी ईदला गावी गेलो तेव्हा एक चांगला राउटर घेऊन गेलो, जोडला आणि सगळ्यांना सांगितलं, राउटर बदलला.

खरं तर बदलला नव्हता. ज्या डब्यात फायबर जातं तो सहसा काढून टाकता येत नाही. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करायचं काम तोच करतो. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याच डब्यात राउटरही असतो आणि वाय-फायही. मी त्याच्यातून एक केबल काढली, पुढच्या खोलीतल्या नव्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात घातली. आणि वर हुशारी केली. नव्या वाय-फायला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला. म्हटलं, अब्बूंना मोबाइलमध्ये काही करायला नको. जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. नेट सगळीकडे धावत होतं. मी खूश होऊन पुण्याला परतलो.

चौथ्या दिवशी बहिणीचा फोन. "भाईजान, प्रिंटर दिसत नाही." मोबाइलमध्ये नाव येत नाही, लॅपटॉप म्हणतो ऑफलाइन. मधूनच दिसतो, प्रिंट निघते, परत गायब. मी म्हटलं, बंद करून चालू कर. आमच्या धंद्यातलं हे पहिलं औषध, आणि बऱ्याचदा शेवटचंही.

मग ती रात्र आली. गल्लीतली एक मुलगी सीईटीचं हॉल तिकीट काढायला आली. सकाळी पेपर. नऊ वाजून गेलेले, प्रिंटर दिसेना. बहीण रडकुंडीला आलेली, मी फोनवर सूचना देतोय, ती मुलगी दारात उभी. तेवढ्यात अम्मीने बहिणीच्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाली, "बावर्चीखाने में ले जाके वाय-फाय बंद करके चालू कर, निकलता." ती स्वतःच गेली, तसंच केलं, आणि प्रिंट निघाली.

मी फोनवर हसलो. म्हटलं, अम्मी, प्रिंटरला काय चुलीची ऊब लागते का? योगायोग आहे. ती म्हणाली, चार वेळा झालंय. मी म्हटलं, चार वेळा योगायोग.

नंतर मी माझ्या पद्धतीने तपासलं. पुण्यातून बहिणीचा लॅपटॉप उघडला आणि प्रिंटरच्या जुन्या पत्त्यावर पिंग पाठवला, म्हणजे 'आहेस का' असं विचारलं. लगेच उत्तर आलं. झालं, माझा निकाल तयार: नेटवर्क ठीक आहे, दोष प्रिंटरचा. जुना झालाय, नवा घे. बहिणीने तीन महिन्यांची बचत घातली आणि नवा घेतला. त्याच टेबलावर ठेवला. दोन दिवस चालला. मग तोही दिसेना.

आता मात्र माझी झोप उडाली. दोन वेगळ्या कंपन्यांचे प्रिंटर एकाच पद्धतीने आजारी पडत नाहीत. शनिवारी पहाटेची गाडी पकडली. घरी जाऊन या वेळी एकच काम केलं. अम्मीला म्हटलं, तू जे करतेस ते मला करून दाखव. ती पुढच्या खोलीत असताना तिच्या मोबाइलचा आयपी पत्ता लिहून घेतला: १९२.१६८.०.११. मग ती स्वयंपाकघरात गेली, वाय-फाय बंद-चालू केलं. पत्ता झाला १९२.१६८.१.३४. प्रिंटरच्या पडद्यावर होतं १९२.१६८.१.२०.

पहिले तीन आकडे बघा. पुढे शून्य, मागे एक. एका घरात दोन नेटवर्कं होती, दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. मोबाइलला जो सिग्नल जोरात, तो त्यात शिरायचा. दोन्हीकडे व्हॉट्सअ‍ॅप चालायचं, म्हणून कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. प्रिंटर मात्र जुन्या डब्याशेजारी असल्यामुळे त्यालाच चिकटायचा.

आता मोबाइलला प्रिंटर 'दिसतो' म्हणजे काय होतं? मोबाइलकडे कुठली यादी नसते. तो खोलीत हाक मारतो, इथे कुणी प्रिंटर आहे का? ही हाक २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर जाते. हा एका यंत्राचा पत्ता नाही, 'ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी' असा आहे. प्रिंटर ऐकतो आणि नाव सांगतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. तिचा अधिकृत मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो लिहिणारे दोघे अ‍ॅपलचे इंजिनिअर, पण त्याआधीपासून अ‍ॅपलची यंत्रं ती वापरत होती. टीव्ही शोधायला, विंडोजमध्ये प्रिंटर शोधायला अशाच आणखी हाका आहेत, फक्त पत्ते वेगळे.

नियम असा की ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. हे मुद्दाम केलंय. नाहीतर शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या मोबाइलमध्ये दिसला असता. म्हणजे मी घराच्या मधोमध राउटर बसवला, तो हाकेसाठी भिंत होता.

आणि पिंग का गेला? यानेच मला फसवलं. नाव-पत्ता लिहिलेलं पत्र राउटर पलीकडे नेतो, तेच तर त्याचं काम. नव्या राउटरच्या दृष्टीने जुना डबा म्हणजे 'बाहेरची दुनिया', आणि आतून बाहेर पत्र जातं. उलट दिशेने, जुन्या बाजूने नव्या बाजूच्या लॅपटॉपला पिंग केला असता तर उत्तर आलं नसतं. मी एकाच बाजूने विचारलं. पत्र पोहोचतं म्हणजे हाकही ऐकू जाते, हे मी गृहीत धरलं होतं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' नावाचा मोड असतो. तो लावला की तो राउटर राहत नाही, पत्ते वाटत नाही, फक्त वाय-फाय पसरवतो. पत्ते वाटायचं काम एकट्या जुन्या डब्याकडे. भिंत गेली. गंमत म्हणजे दोन्हीकडे एकच नाव-पासवर्ड ठेवणं आता बरोबर ठरलं, कारण नेटवर्क खरंच एक झालं. ज्यांना नव्यालाच राउटर ठेवायचंय त्यांनी इंटरनेट कंपनीला डबा 'ब्रिज' मोडमध्ये टाकायला सांगावं, किंवा निदान जुन्याचं वाय-फाय बंद करावं. वाय-फाय बंद केलं तरी जुन्या डब्याला केबलने काही जोडलं असेल तर ते भिंतीपलीकडेच राहतं, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यांच्या घरी हेच कारण असेल असं नाही. आकडे जुळत असूनही यंत्र दिसत नसेल तर 'गेस्ट' नेटवर्कवर आहात का बघा. तिथे पाहुण्याला नेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. राउटरमध्ये 'आयसोलेशन' चालू असेल तर मोबाइल एकमेकांना दिसत नाहीत. विंडोज नव्या नेटवर्कला बहुधा 'पब्लिक' समजून गप्प बसतं, घरचं असेल तर 'प्रायव्हेट' करा. आयफोनमध्ये २०२० पासून प्रत्येक अ‍ॅपला घरचं नेटवर्क बघायची वेगळी परवानगी लागते, आणि आपण घाईत 'नको' दाबलेलं असतं. यंत्र चार-पाच मिनिटं दिसून गायब होत असेल तर राउटरमधलं 'आयजीएमपी स्नूपिंग' बंद करून पाहा. फायरवॉल मात्र बंद करू नका. मी चिडून बहिणीच्या लॅपटॉपचं केलं होतं, आठवडाभर तसंच राहिलं, आणि उपयोग शून्य.

नव्या प्रिंटरचे पैसे मी बहिणीला दिले. तिने वहीत ते माझ्या नावाने 'जमा' लिहिलेत, पुढे कंसात 'चूक कबूल'. जुना प्रिंटर आता पुढच्या खोलीत आहे, दोन्ही चालतात. अम्मी अजूनही प्रिंट काढायची असली की मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जाते. गरज नाही म्हणून मी एकदा सांगायला गेलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

आता तुमच्या घरचं सांगा. मोबाइलचा आणि प्रिंटरचा पत्ता लिहून आणलाय का कुणी?