क्लच की पॅडल? : जुनी स्पोर्टी गाडी घेताना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, ‘स्पोर्ट्स कार? हा काय आपला विषय आहे का?’ आमच्या घरीही हेच झालं. मी गाडी बघतेय म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, “बघ की, चांगली सात माणसांची बघ.” मी म्हटलं, “नाही, मला जोरात पळणारी, जमिनीला धरून वळणारी हवीय. सेकंडहँड असली तरी चालेल.” त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वय वर्षं एकोणपन्नास, पेशानं गणिताची शिक्षिका!

पण मागणी काही अचानक आली नव्हती. मी राहते वाईला आणि शाळा पाचगणीला. म्हणजे रोज पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी चालवायला शिकले वडिलांच्या जीपवर, याच घाटात. वळण यायच्या आधी गिअर उतरवायचा, वळणात नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की अजून कानात आहे. पुढे पंचवीस वर्षं घरात जी गाडी आली ती सगळ्यांच्या सोयीची होती. या वेळी पैसे माझे होते, भिशीचे आणि साठवलेल्या पगाराचे. मर्यादा साडेसात लाखांची. आणि पहिल्यांदाच निवड एकटीची होती.

त्यात दोन अडचणी होत्या. पहिली, माझा डावा गुडघा. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले तेव्हापासून तो कुरकुरतो. दुसरी, आई. ती पुण्याला भावाकडे असते, तिचं डायलिसिस चालू आहे आणि शनिवारची पाळी माझी. म्हणजे घाटाची मजा रोजची, आणि कात्रज ते स्वारगेट ही तपश्चर्या आठवड्याची. एकच गाडी दोन्हीकडे चालायला हवी. प्रश्न असा पडला : क्लच असलेली, हातानं गिअर टाकायची मॅन्युअल घ्यायची, की स्टिअरिंगमागे पॅडल असलेली?

पॅडल म्हणजे काय, ते आधी सांगते. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना बोटांना लागतील अशा दोन पट्ट्या असतात. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. पायाशी क्लच नाही. ही कल्पना शर्यतीतून आली. १९८९ साली ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये फेरारीच्या नायजेल मॅन्सेलनं असा गिअरबॉक्स असलेली गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. १९९७ मध्ये फेरारीनं तो ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत दिला. हात स्टिअरिंगवरून काढावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॅडल हे नुसतं बटण आहे. त्यामागे कुठला गिअरबॉक्स आहे, ते पॅडलवरून कळत नाही, आणि पैसे तर गिअरबॉक्सचे मोजायचे असतात. होंडा सिटीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला पॅडल होती, पण आत होता सीव्हीटी, म्हणजे दोन पुलींवरून फिरणारा पट्टा. त्यात खरे गिअर नसतातच, सात पायऱ्या संगणक मानून घेतो. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून तो आपल्याकडे घरोघरी पोचला. जुन्या फेरारीचा गिअरबॉक्सही याच जातीचा होता, हे ऐकून मला गंमत वाटली होती.

हल्लीच्या स्पोर्टी गाड्यांत बहुतेक वेळा असतो तो ड्युअल क्लच. नावाप्रमाणे त्यात दोन क्लच. एक सांभाळतो पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसरा सांभाळतो दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. स्वयंपाकघरात एका शेगडीवर पोळी फुगतेय आणि दुसऱ्या हाताशी पुढची लाटून तयार आहे, तसं. म्हणून तो माणसापेक्षा झटपट बदलतो. रस्त्यावरच्या गाडीत तो २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ मधून आला.

मग मॅन्युअल संपलं का? नाही. पोर्शेनं २०१३ मध्ये ९११ जीटी-३ ही गाडी फक्त पॅडलची केली. शौकीन नाराज झाले आणि २०१७ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. ज्यांना जगातली सगळ्यात झटपट गाडी परवडते, त्यांनाही क्लच हवा होता. कारण सोपं आहे. गाडीशी बोलायचा तो एक मार्ग आहे. हळूच सोडला की ती हळूच निघते, चुकलात की ती धक्का देऊन सांगते.

माझं मन तर मॅन्युअलकडेच होतं. पण आधी एका पॅडलवाल्या गाडीची हकीकत सांगते.

जुन्या गाड्यांच्या एका दुकानात लाल रंगाची टर्बो पेट्रोल हॅचबॅक मिळाली. कुठल्या कंपनीची, कुठलं दुकान, ते सोडून देऊ. ड्युअल क्लच, पॅडल, चाळीस हजार किलोमीटर, किंमत माझ्या मर्यादेच्या आत. दुकानदार म्हणाला, “मॅडम, एक चक्कर मारा.” ती चक्कर म्हणजे रिकाम्या रस्त्यावर दोन किलोमीटर. गाडी लोण्यासारखी गेली. टोकन द्यायला पर्स उघडली होती. तेवढ्यात आमच्या वाईच्या मिस्त्रींचं वाक्य आठवलं : “ताई, गाडी गरम झाल्यावर काय बोलते ते ऐका.” मी म्हटलं, मला अर्धा तास गर्दीतून चालवायची आहे. तो कुरकुरला, पण शेजारी बसला.

वीस-पंचवीस मिनिटं सिग्नलमागून सिग्नल झाल्यावर गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरायला लागली. खालून कुणी टेबल हलवावं, तशी. चढावर निघताना तेच. दुकानदार म्हणाला, “या सगळ्या अशाच असतात.” मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, “क्लच गेले असतील तर खर्च लाखाच्या घरात जाईल. या परत.” मी पर्स बंद केली. घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं, कारण ती लाल गाडी मला फार आवडली होती.

ही थरथर का होते, ते मागाहून समजून घेतलं. लहान गाड्यांतले ड्युअल क्लच बहुधा कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडालेले नसतात, हवेवरच थंड होतात. गर्दीत गाडी इंच-इंच सरकवली की क्लच अर्धवट जोडलेला राहतो, घासतो आणि तापतो. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत ओले, तेलातले क्लच असतात. ते उष्णता जास्त सोसतात, पण त्यांचं तेल ठरल्या वेळी बदलावंच लागतं. म्हणून विचारा, कोरडा की ओला? ओला असेल तर तेल बदलल्याची नोंद दाखवा. नोंद नसेल तर किंमत तरी कमी करा, नाहीतर सोडून द्या.

पॅडलवाली जुनी गाडी तपासताना हे करा. सकाळी थंड गाडी सुरू करायला सांगा, बॉनेटला हात लावून खात्री करा. मग अर्धा तास गर्दीत चालवा. चढावर थांबवून परत निघा. रिव्हर्समध्ये अगदी सावकाश चढावर घ्या. दोन्ही पॅडल प्रत्येक गिअरला ओढून बघा. आणि ओळखीच्या गॅरेजमधून स्कॅनर लावून घ्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकात साठलेल्या तक्रारी कळतात.

मॅन्युअल तपासणं त्या मानानं सोपं. क्लच अगदी वर आल्यावर गाडी निघत असेल तर तो झिजत आलाय. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालवा आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडीचा वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतोय. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना खरखर झाली तर गिअरबॉक्स थकलाय. स्पोर्टी गाडी आधीच्या मालकानं कशी पळवली असेल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून हे बघायचंच. पण मॅन्युअलचा क्लच आपले साधे मिस्त्रीही बदलू शकतात आणि खर्चही बराच कमी असतो. जुन्या गाडीत ही मोठी जमेची बाजू.

महिनाभरानं दोन गाड्या समोर आल्या. एकाच मॉडेलच्या, दोन्ही थेट मालकाकडून. एक मॅन्युअल, एक ड्युअल क्लच पॅडलची. मिस्त्रींनी दोन्ही पास केल्या. आता सबब उरली नव्हती.

मॅन्युअल मी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. काय सांगू! तिसरा, दुसरा, वळण, पुन्हा तिसरा. वडील शेजारी बसलेत असं वाटलं. मी ठरवूनच टाकलं. मग शनिवार होता, म्हणून मालकाला विचारून तीच गाडी स्वारगेटपर्यंत नेली. पाऊण तासात किती वेळा क्लच दाबला ते मोजलं. गणिताची बाई ना! शंभरच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. उतरताना गुडघा सरळ होईना. दाराला धरून उभी राहिले आणि मनात आलं, आईला हात धरून गाडीतून उतरवायचं असतं. तिला उतरवणारीच लंगडत असेल तर?

मी पॅडलवाली घेतली.

आता सात महिने झाले. खरं सांगते, काही गोष्टी गमावल्या. डावा हात अजून गिअरचा दांडा शोधतो. पहिल्या आठवड्यात डाव्या पायानंही क्लच शोधला आणि सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली. नशिबानं मागे कुणी नव्हतं. तुम्ही मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर जाल तेव्हा डावा पाय मागे, सीटजवळ ओढून ठेवा आणि पहिले दिवस मोकळ्या जागेत सराव करा.

पण काही मिळालंही. पसरणी घाट उतरताना मी लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत घेते आणि डावी पॅडल ओढून गिअर उतरवते. इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत, जळका वास येत नाही. वडिलांचा नियम तोच, वळणाच्या आधी. पाय नाही तर बोटं पाळतात. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून सरकत नाही. थोडी जागा होऊ देते, मग एकदम पुढे घेते आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही. क्लच टिकवायचे असतील तर एवढं पाळायलाच हवं.

कागदांचंही विसरू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधीचं कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज. मोहात पडलं की हेच राहून जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी विचारलं की मॅन्युअल चांगली की पॅडल, तर उलट विचारा : रस्ता कुठला, पाय कुणाचा, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? गर्दी कमी, गुडघे धड आणि मिस्त्री ओळखीचे असतील तर खुशाल मॅन्युअल घ्या, तुमचा मला हेवाच वाटेल. रोजची गर्दी असेल आणि नोंदी नीट असतील तर पॅडल घ्या. आणि नोंदी नसतील तर लाल रंगाला भुलू नका.

गेल्या शनिवारी आईला घेऊन निघाले. तिनं स्टिअरिंगमागची पट्टी बघितली आणि विचारलं, “हे काय गं?” म्हटलं, “गिअर.” ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तुझ्या बाबांना पटलं नसतं. पण जरा जोरात घे, कंटाळा आलाय.”