अस्वलाचे हरवलेले नाव

रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्वेद्' म्हणतात. २००८ ते २०१२ या काळात रशियाचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या मेदवेदेव यांचे आडनाव त्यावरूनच आलेले. हा शब्द ऐकताच संस्कृतज्ञाचे कान टवकारतात. 'मेद' म्हणजे मध, 'वेद' म्हणजे ज्ञान; म्हणून अस्वल हा 'मध जाणणारा'! स्लाव्ह लोकांतही ही समजूत रूढ आहे. व्युत्पत्ती गोड खरी, पण चुकीची; आणि आपल्याला सोयीची वाटते म्हणून चूक जवळ बाळगणे विद्येला शोभत नाही.

सर्व स्लाव्ह भाषांच्या मूळ भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तुलनेने सिद्ध केलेल्या तिच्या शब्दांपुढे विद्वान तारका घालतात. 'मेद्वेदि' हा त्यांपैकीच एक. त्यातील 'व' हा 'विद्' धातूचा नव्हे. तो 'मेदु'मधील उकाराचा, पुढे स्वर आल्यामुळे झालेला. आपल्याकडील यण् संधीच जणू! उत्तरपद आहे 'अद्' म्हणजे खाणे. अर्थ इतकाच, मध खाणारा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात पक्ष्यांना 'मध्वद' म्हटले आहे, तेही याच दोन घटकांचे. मात्र स्लाव्ह शब्द संस्कृतातून निघालेला नाही. दोन्ही भाषा एका प्राचीन कुळातील भगिनी होत.

मग अस्वलाचे मूळ नाव कोठे गेले? संस्कृतात ते 'ऋक्ष' म्हणून राहिले, ग्रीकमध्ये 'आर्क्टोस', लॅटिनमध्ये 'उर्सुस'. मराठीतील 'रीस' त्याच वंशातील. उत्तरेकडील अरण्यांत मात्र नाव घेताच श्वापद समोर उभे राहील, या भयाने ते उच्चारणेच वर्ज्य झाले असावे. आपल्या खेड्यांतही रात्री सापाला 'जनावर' म्हणतात; देवीच्या रोगाचे नावही भीतीयुक्त आदरातूनच आले.

पर्यायी नावाने मूळ नाव पार गिळून टाकले. पुढे त्याचीही रूपे पालटली. पोलिश भाषेत आरंभीच्या 'म'चा 'न' होऊन 'न्येज्व्येच' झाले. युक्रेनीत अक्षरांची अदलाबदल होऊन 'वेद्मिद्'. स्लाव्ह कुळाबाहेरील हंगेरियन भाषेनेही 'मेद्वे' उसना घेतला. आणि गंमत अशी की, रशियन शिकाऱ्यांना कालांतराने 'मेद्वेद्' म्हणण्याचीही धास्ती वाटू लागली. ते त्याला नुसते 'मालक' म्हणू लागले.