पदराचं टोक आणि आपलं काळीज

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर केलेलं भाषण)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करते. आपल्या भागातल्या एका गटातल्या ताई लागोपाठ दोन सभांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणे दंड. तो वहीत लिहायला मीच सांगितलं. ताईंच्या सासूबाई तीन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची आंघोळ, कूस बदलणं, औषधं, रात्रीचं जागरण सगळं एकट्या ताईंवर, आणि दिवसा खुरपणी. "दम लागतोय गं," असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. आपण म्हणालो, "होतं असं, वय झालं." वय किती? ४२!

पुढच्याच महिन्यात त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. हृदयाचा त्रास निघाला. आता त्या घरी आहेत, गोळ्या चालू आहेत. मी भेटायला गेले तर त्यांचं पहिलं वाक्य काय? "मॅडम, माझा दंड भरायचा राहिलाय." काय बोलावं, मला कळेना.

४२ व्या वर्षी "वय झालं" असं आपण सहज म्हणून गेलो. पण वय फक्त आधार कार्डावरच्या तारखेनं वाढतं का? हे शोधताना मला एक शब्द भेटला, टेलोमियर. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

नवी साडी घेतली की आपण आधी काय करतो? फॉल-पिको. पिको नसेल तर काठाचे धागे सुटतात. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, म्हणजे आई-बापाकडून आलेले धागेच समजा. त्या धाग्यांच्या टोकांना जे पिको असतं, ते टेलोमियर. जुन्या पेशीपासून नवी पेशी तयार होताना हे टोक थोडं थोडं आखूड होतं. फार आखूड झालं की ती पेशी नवी पेशी तयार करणं थांबवते. म्हातारपणाचं हे एक कारण आहे. ही टोकं कशी टिकतात, ते शोधल्याबद्दल २००९ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल पुरस्कार मिळाला. तिघांत दोन बाया आहेत, हेही ध्यानात ठेवा!

आता याचा काळजाशी काय संबंध? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी थकल्या, की अस्तराची डागडुजी नीट होत नाही. २०१४ साली २४ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात ४३ हजारांहून जास्त माणसं होती. ज्यांची टोकं सगळ्यात आखूड, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण लांब टोकं असणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट निघालं. दीडपट म्हणजे कसं? समजा, एका गावात शंभरातल्या दहा जणांना हा आजार होतो, तर दुसऱ्या गावात पंधरा जणांना. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत साठीच्या पुढच्या १४३ माणसांचा अभ्यास झाला होता. त्यातही आखूड टोकांच्या माणसांत हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं.

आणि आता आपल्याला लागू पडणारा अभ्यास ऐका. २००४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ५८ आयांची तपासणी केली. त्यातल्या ३९ जणींची मुलं कायमची आजारी होती. ज्या आईनं जितकी जास्त वर्षं आजारी लेकराचं केलं, तितकी तिची टोकं आखूड. सगळ्या ५८ जणींत, ज्यांना मनावर सगळ्यात जास्त ताण वाटत होता, त्यांची टोकं कमी ताणाच्या बायांपेक्षा दहा वर्षं म्हाताऱ्या बाईसारखी दिसली. त्या आया आपल्या गावच्या नव्हत्या, पण रात्रीचं जागरण तेच. म्हणून "बाईला टेन्शन कसलं, घरीच तर असते," असं कुणी म्हणालं, तर त्यांना हे सांगा.

पण ताईंनो, घाबरू नका आणि फसूही नका. आखूड टोक म्हणजे आजार होणारच, असं नाही. त्या ताईंचा त्रास यामुळेच झाला, असंही मी म्हणत नाही. उद्या कुणी दारात येऊन म्हणेल, "टोकं लांब करायची पावडर आहे, वय थांबतं." एक रुपयाही देऊ नका. टोकं जास्त लांब असली तर काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसतो, त्यामुळे लांब तितकं चांगलं, असंही नाही. टोकं मोजायची महागडी तपासणीही आपल्याला नको. आपल्याला लागतो तो बीपीचा पट्टा.

मग करायचं काय? तिशीच्या पुढच्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी आणि शुगर तपासून घ्या, ती तपासणी मोफत आहे. आशाताईंना विचारा. मिश्री सोडा; ती तंबाखूच आहे, दातांसाठी लावली तरी काळजापर्यंत जाते. आणि लक्षात ठेवा, बाईला हृदयाचा झटका येतो तेव्हा दर वेळी छातीत जोराची कळ येतेच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, घाम, एकदम गळून जाणं, हेही असू शकतं. "पित्त झालं असेल" म्हणून झोपू नका. लगेच १०८ ला फोन लावा.

शेवटचं मागणं गटाकडे. दशसूत्रीत आरोग्य आहे, पण आपण ते वहीत लिहितो आणि पान उलटतो. बचत मोजून झाली की पाच मिनिटं द्या. एकच प्रश्न विचारा, "कुणाच्या घरी अंथरुणावर माणूस आहे?" आणि तिच्या घरी आठवड्यातून एकदा दोन तास कोण बसणार, ते तिथंच ठरवा. आपण एकमेकींना पाच-पाच हजारांचं कर्ज विश्वासावर देतो, तर दोन तास देता येणार नाहीत?

त्या ताईंचा दंड गटानं माफ केला. आता दर मंगळवारी दोघी जणी त्यांच्या घरी जातात. त्या वेळात ताई काय करतात, माहीत आहे? झोपतात. तीन वर्षांनी पहिल्यांदा दुपारी झोपल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

यापुढे सभेला कुणी आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या. मीही जाईन.