लीलावतीच्या लेकींचे गणित

(बावधन येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीचा निकाल लागला की बावधनच्या जुन्या गावठाणात काय किंवा चांदणी चौकाकडच्या नव्या सोसायट्यांत काय, घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला गणितात साठ गुण मिळाले, तर वडील म्हणतात, "अभ्यास कमी पडला, अकरावीत जोर लाव." तेवढेच गुण मुलीला मिळाले, तर तिला समजावले जाते, "असू दे बाळ, गणित तुझा प्रांत नव्हे." दोन्ही उद्गार मायेचेच. परंतु पहिल्याने दार उघडे राहते, दुसऱ्याने ते हलकेच लोटले जाते. हे दार निसर्गाने लावले की घराने, हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

प्रथम जगाकडे पाहू. २०१० साली निकोल एल्स-क्वेस्ट, जॅनेट हाइड आणि मार्सिया लिन या संशोधिकांनी ६९ देशांतील १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ४ लाख ९३ हजार विद्यार्थ्यांचे निष्कर्ष मांडले. २००३ मधील दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे ते निकाल होते. मुलगे आणि मुली यांच्या गुणांतील सरासरी फरक अत्यल्प निघाला. काही देशांत मुलगे पुढे, तर काही देशांत मुली पुढे होत्या. आत्मविश्वास मात्र मुलग्यांमध्ये अधिक आढळला आणि गणिताची धास्ती मुलींमध्ये. २०२२ च्या 'पिसा' चाचणीत विकसित देशांच्या गटात मुलगे सरासरी ९ गुणांनी पुढे होते; त्या गटाची एकूण सरासरी होती ४७२. त्याच चाचणीत १७ देश-प्रदेशांत मुलींनी मुलग्यांना मागे टाकले. जी गोष्ट सीमा ओलांडताच उलटते, तिला निसर्गनियम कसे म्हणावे?

२०१० च्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट मननीय आहे. जेथे मुलींना शिक्षणात समान प्रवेश आहे, संशोधनात आणि संसदेत स्त्रियांचा वाटा मोठा आहे, तेथे हे अंतर कमी दिसते. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु बोट समाजाकडे वळते, हे निश्चित.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. महर्षी कर्वे यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श मांडला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. त्या काळी हे अलौकिक धाडस होते. त्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र आवश्यक आणि गणित ऐच्छिक ठेवण्यात आले. स्त्रीला शिक्षणाची वाट सुकर व्हावी, हा त्यामागचा हेतू थोर होता. परंतु काळ पुढे गेला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा इयत्तांत गणित आणि विज्ञान सर्वांना आवश्यक करावे, अशी शिफारस केली. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता.

आज दहावीच्या परीक्षेत मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण वर्षानुवर्षे मुलांहून अधिक असते. मग गळती कोठे होते? देशातील आयआयटींमध्ये २०१६ साली प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्यावर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आले. दहावीपर्यंत बरोबरीने चालणारी मुलगी पुढच्या दोन वर्षांत बुद्धीने मागे पडते काय? की शिकवणीचा खर्च, संध्याकाळचा प्रवास आणि परगावी राहणे यांचा हिशेब घरात तिच्यासाठी वेगळा मांडला जातो?

याचे उत्तर देणारे एक जीवन पुण्यातच होऊन गेले. डॉ. मंगला नारळीकर यांनी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाची गणितातील एम. ए. पदवी सुवर्णपदकासह मिळवली. पुढे विवाह, परदेशातील बिऱ्हाड आणि तीन मुलींचे संगोपन. पीएच. डी. झाली ती १९८१ मध्ये. संसाराने गती मंदावली, पण घराने गणिताचे दार लावले नाही. त्यांनी सर्वसामान्य मराठी मुलांसाठी 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिले. तिन्ही कन्या विज्ञानाच्या क्षेत्रात गेल्या. त्यांपैकी एकीचे नाव लीलावती. २०२३ मध्ये मंगलाताईंचे निधन झाले.

ते नाव सहज सुचलेले नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथातील अनेक प्रश्न एका बालिकेला उद्देशून आहेत. ती त्यांची कन्या, असे परंपरा मानते. आख्यायिकेतील घटिकापात्रात पडलेला मोती बाजूला ठेवला, तरी एवढे उरतेच की, या भूमीतील एका श्रेष्ठ गणितज्ञाला गणित सांगण्यासाठी मुलगी योग्य श्रोता वाटली. आठ शतके उलटून गेल्यावर आपण तिला तेवढेही मानू नये काय?

कार्य अवघड नाही. हिशेबाची वही मुलीच्या हाती द्यावी. तिचे उदाहरण चुकले, तर सांत्वन करण्याऐवजी शेजारी बसून ते पुन्हा सोडवावे. आणि "मलाही गणित कधी जमले नाही," हे वाक्य निदान आईने लेकीसमोर उच्चारू नये. लेक ते वारसा म्हणून स्वीकारते. वारसाच द्यायचा, तर तो लीलावतीचा द्यावा.